माणगावचा पुतळा आणि आपल्या पॅरिशची नावे

(ज्युबिली सप्ताहात पॅरिशच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या या सप्ताहात आपणांपुढे चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हा प्रथम मनात आले की आपल्या देवळाच्या इतिहासाविषयीच बोलावे. परंतु तो विषय आमच्याहून अधिकारी मंडळींनी कालच्या व परवाच्या सभेत हाताळला आहे. शिवाय उत्सवमंडळापुढे एक सूचना पडून आहे, आणि तिजविषयी आपणांत एकमत नाही, हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. देवळाच्या आवारात क्रुसाच्या पायथ्याशी एक शिळा बसवावी आणि दोन्ही महायुद्धांत आपल्या पॅरिशमधून रणावर अथवा समुद्रावर गेलेल्या व परत न आलेल्या माणसांची नावे तिजवर कोरावीत, अशी ती सूचना. कोणी म्हणतात, ती माणसे परक्या सरकारची पगारी चाकर होती, त्यांचे स्मारक कशास? कोणी म्हणतात, करावयाचेच तर नुसती शिळा नको, हातात बंदूक घेतलेल्या शिपायाचा उत्तम पुतळा उभारावा. आम्ही आज याच प्रश्नावर बोलणार आहो. आणि त्यासाठी आपणांस प्रथम पार्ल्याबाहेर, कोकणात माणगावास नेणार आहो.

माणगाव आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे, मग पाहिल्याचे स्मरण असो वा नसो. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर यांचे शवदर्शन झाले. त्यास जी मंडळी मोटारीने गोव्याच्या हमरस्त्याने गेली, ती पनवेल, पेण, नागोठणे, कोलाड करीत माणगावावरूनच गेली. आणि जी कोकण रेल्वेने गेली, त्यांच्याही वाटेत त्या नावाचे स्टेशन लागले. तालुक्याचे गाव, बाजारपेठेचे गाव. त्यापलीकडे प्रवाशाने थांबावे असे तेथे काही नाही, असे वाटते. या गावी तहसील कचेरीपाशी एका शिपायाचा पुतळा आहे. सातबाराचा उतारा काढावयास, दाखला मागावयास, तारखेस हजर राहावयास खेड्यापाड्यांतून जी माणसे येतात, ती त्याच्यापाशीच घुटमळतात. पुतळा राजाचा नव्हे, सेनापतीचाही नव्हे. ज्यास फौजेत नाईक म्हणतात, म्हणजे शिपायाहून एकदोन पायऱ्या वर, अशा हुद्द्याच्या एका तरुणाचा तो आहे. त्यांचे नाव यशवंत घाडगे. याच तालुक्यातील पळसगाव हे त्यांचे गाव. जिल्हा त्या वेळी कुलाबा म्हणविला जात असे. रायगड हे नाव त्यास १९८१ साली मिळाले.

घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते होते, आणि ही पलटण दहाव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत लढत होती. ४ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा रोम शहरात शिरल्या. जर्मन फौजा उत्तरेकडे हटू लागल्या. परंतु हटता हटता प्रत्येक टेकडीवर मोर्चा बांधून लढत होत्या. रोमच्या मधून जी टायबर नदी वाहते, तिच्या वरच्या खोऱ्यात, डोंगराळ मुलखात, १० जुलै १९४४ रोजी मराठा पलटणीची एक कंपनी अशाच एका मोर्चावर चालून गेली. घाडगे यांच्या हाताखाली रायफलधाऱ्यांची एक लहानशी तुकडी होती. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि पाहता पाहता तुकडीतील सर्व माणसे पडली. कोणी जागीच गतप्राण, कोणी जायबंदी. उभे राहिले ते एकटे घाडगे. तेथेच आडवे पडून त्यांनी जीव वाचविला असता तर त्यांस कोणी दोष दिला नसता. ते तसेच धावत मोर्चावर गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा या दोहोंस निकामी केले. मग गोळी झाडून दुसऱ्या एकास पाडले. आणखी दोघे उरले होते, आणि बंदुकीतील काडतुसे सरली होती. नवी भरावयास अवकाश नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने त्यांनी त्या दोघांस ठार केले. इतक्यात आडोशाच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत शिरल्या, आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. वय बावीस वर्षांचे.

व्हिक्टोरिया क्रॉस त्यांस मरणोत्तर जाहीर झाला तो नोव्हेंबर १९४४ च्या आरंभी, म्हणजे ज्या महिन्यात आपण आपल्या मृतांसाठी मिस्सा अर्पण करितो त्याच महिन्यात. पदक त्यांच्या विधवेच्या हाती देण्यात आले. इटलीच्या मोहिमेत एकंदर वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा हिंदी सैनिकांचे. आणि या सहांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे दोघे. दुसरे अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव. त्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या पाण्यातून व सुरुंग पेरलेल्या काठावरून आपल्या दोन जखमी सोबत्यांस सुखरूप जागी पोचविले, मगच शत्रूच्या तीन मशीनगनांचा समाचार घेतला. ते जगले, वृद्ध झाले, १९८४ साली वारले. आमच्या मनास जाधवांचे शौर्य अधिक रुचते, कारण त्याचा आरंभ सोबत्यांस उचलण्यापासून होतो. पण ही निवड घरी खुर्चीवर बसून करावयाची गोष्ट आहे; घाडगे यांच्यापाशी उचलावयास तुकडीच उरली नव्हती.

बंदुकीच्या दस्त्याने मारलेल्या त्या दोघांविषयीही एक शब्द बोलला पाहिजे. पुतळ्यापुढे भाषणे होतात तेव्हा हा प्रसंग मोठ्या आवेशाने सांगितला जातो. आम्हांस तो आवेश साधत नाही. ते दोघेही कोणाचे पुत्र होते, आणि कदाचित बाप्तिस्मा झालेले होते. इटलीत कॅसिनो शहराजवळ जर्मन सैनिकांचे एक स्मशान आहे, त्यात वीस हजारांहून अधिक मृत निजले आहेत. घाडगे यांचा सन्मान करण्यासाठी त्या वीस हजारांचा द्वेष करण्याची गरज नाही.

कॅसिनोचे नाव घेतले, ते घाडगे यांच्याच संबंधात. त्यांची समाधी कोठेही नाही. त्यांचा देह सापडल्याची नोंद नाही. म्हणून त्यांचे नाव कॅसिनो येथील युद्धस्मशानात, ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा चार हजारांवर सैनिकांच्या नावांत कोरलेले आहे. बंधुभगिनींनो, ही जागा कोणती? वर डोंगरमाथ्यावर संत बेनेडिक्ट यांचा मठ आहे, जो त्यांनी इ. स. ५२९ च्या सुमारास स्थापिला. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्याच विमानांनी बाँब टाकून तो जमीनदोस्त केला. अखेर १८ मे रोजी त्या भग्नावशेषांवर पोलिश सैनिकांनी आपले निशाण लाविले. आणि त्या वेळी पोलंडची हजारो निर्वासित बायकामुले कोठे होती? आपल्या कोल्हापुराजवळ वळिवडे येथील छावणीत. १९४२ साली आलेल्या पहिल्या पोलिश मुलांची तुकडी तर येथून हाकेच्या अंतरावर, वांद्र्यास, काही काळ राहिली होती. मराठी मुलखातील तरुण इटलीत मरत होते आणि पोलंडची लेकरे मराठी मुलखात वाढत होती. युद्ध माणसांस कोठून कोठे नेऊन टाकते!

तो मठ पुन्हा बांधला गेला आणि २४ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्याचा अभिषेक केला. पुढे सहा आठवडेही झाले नाहीत तोच, २ डिसेंबर १९६४ रोजी, तेच पोपमहाशय पवित्र साक्रामेंताच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी सांताक्रूझच्या विमानतळावर, आपल्या पार्ल्याच्या शेजारी, उतरले. पार्ल्यातील वडीलधाऱ्या मंडळींस तो दिवस आठवत असेल. ज्या डोंगराच्या पायथ्याशी पळसगावच्या मुलाचे नाव कोरले आहे, त्या डोंगरावर अभिषेक करून आलेले हे पाहुणे, ही गोष्ट मात्र त्या दिवशी फारशी कोणाच्या ध्यानात आली नसावी.

इटलीतील लोकांनी त्यांस विसरले नाही. २०२३ च्या जुलै महिन्यात पेरुजा प्रांतातील मोंतोने या लहान गावी यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उघडण्यात आले. ते पुतळ्याच्या रूपाचे नाही. ते एक सूर्यघटिकायंत्र आहे, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असे लॅटिन वचन त्याचे ब्रीद आहे. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांवर हिंदी सैनिक लढले आणि ५,७८२ मरण पावले, असा आकडा त्या वेळी आपल्या सरकारने दिला. ज्या लोकांच्या शेतांतून ही लढाई झाली, त्यांस घाडगे हे ना नातलग, ना स्वधर्मीय, ना स्वदेशीय. तरी आठ दशकांनंतर त्यांस एका परक्याचे नाव लिहावेसे वाटले.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. परक्या राज्याचे चाकर! हा आक्षेप हलका नाही, आणि तो घेणारे आपले बंधू देशाभिमानी आहेत म्हणूनच घेतात. ज्या वर्षी घाडगे इटलीत पडले, त्या वर्षी देशाचे पुढारी तुरुंगात होते. त्याच्या मागल्या वर्षी बंगालात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली होती. त्या सरकारने हिंदुस्थानास न विचारता युद्धात ओढले, हेही खरे. परंतु पुतळ्यापुतळ्यांत भेद आहे. काळ्या घोड्यावर बसलेल्या राजपुत्राचा, म्हणजे पुढे सातवे एडवर्ड झालेल्यांचा, पुतळा १८७९ साली मुंबईत उभा राहिला. १९६५ साली तो तेथून काढून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. २०१७ साली त्या चौकात पुन्हा एक घोडा आला, पण त्याच्या पाठीवर स्वार नाही. राजा उतरला आणि मुंबईकरांस त्याची उणीव भासली नाही. माणगावात मात्र नाईक घाडगे अजून उभे आहेत, आणि मराठा लाइट इन्फन्ट्री त्यांस आजही आपले मानते. लोकांस हा भेद पुरता कळतो. ते साम्राज्यास मानीत नाहीत. आपल्या मुलास मानतात.

साम्राज्यानेही स्मारके केली होती, ती कशी होती हेही पाहावे. १९१४–१९ च्या महायुद्धानंतर देशावर आणि कोकणात कित्येक गावी संगमरवरी पाट्या बसविण्यात आल्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. आकडा आहे, नाव एकही नाही! ज्या गावातून ते गेले, त्या गावासदेखील त्यांची नावे सांगण्याची आवश्यकता सरकारास वाटली नाही. युद्धातील मृतांच्या समाधींची व्यवस्था पाहण्यासाठी १९१७ साली जो आयोग स्थापन झाला, त्याचे तत्त्व असे की हुद्दा, वंश वा धर्म यांवरून मृतांत भेद करावयाचा नाही. तत्त्व थोर होते. परंतु त्याच आयोगाने २०२१ साली अहवाल काढून मान्य केले की पहिल्या महायुद्धातील निदान १,१६,००० आफ्रिकी, हिंदी व इतर मृतांची नावे कोठेच लिहिली गेली नाहीत, आणि हा आकडा साडेतीन लक्षांपर्यंतही असू शकेल. तेव्हा आपल्या माणसांची नावे आपण लिहिणे म्हणजे परक्या राज्याचा गौरव करणे नव्हे. त्या राज्याने जे केले नाही ते आपण करणे होय.

कोणी असेही म्हणतील की युद्धात मेलेल्यांसाठी दगड उभारणे ही विलायती चाल आहे. त्यांनी एकदा बोरिवलीस एक्सरला जाऊन यावे. तेथे शिलाहारांच्या काळातील समजले जाणारे सहा वीरगळ आहेत. काहींवर गलबतांच्या रांगा, वल्ही मारणारे नावाडी, समुद्रावरची घनघोर लढाई आणि वर स्वर्गास नेले जाणारे वीर कोरलेले आहेत. आपले देऊळ येथे उभे राहण्याच्या कित्येक शतके आधी साष्टीच्या या किनाऱ्यावर समुद्रात मेलेल्यांसाठी दगड कोरले जात होते. आणि आपल्या स्वतःच्या समाजाचे काय? १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा उपनगरांतील गावठाणांत जे क्रूस उभे राहिले, त्यांपुढे आजही मेणबत्त्या लागतात. आपले पूर्वज गरीब होते, पण मृतांसाठी दगड घडविण्यास ते कधी मागे सरले नाहीत.

आता आपल्या माणसांविषयी. त्यांतील थोडे फौजेत गेले, पुष्कळ बोटीवर गेले. बोटीवरची चाकरी आपल्या समाजास, तशीच आपल्या गोवेकर बंधूंस, किती परिचयाची आहे हे सांगावयास नको. भटारखान्यात, जेवणघरात, इंजिनाच्या तापलेल्या कोठीत ते राबत. गोऱ्या खलाशाच्या मानाने फार थोड्या पगारावर. युद्धात टॉर्पेडो बोटीस लागतो तेव्हा भटारी आणि कप्तान यांत तो भेद करीत नाही. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेस निघालेली ‘तिलावा’ ही आगबोट जपानी पाणबुडीने बुडविली. २८० माणसे मेली आणि वाचलेल्यांस घेऊन लढाऊ जहाज मुंबई बंदरात परत आले. अशा बोटी कितीतरी. मुंबईस मशीद बंदराजवळ हिंदी खलाशांचे जे वसतिगृह आहे, त्यात पहिल्या महायुद्धात मेलेल्या व समुद्रावाचून ज्यांस दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे; दुसऱ्या महायुद्धातील सहा हजारांवर नावांची यादीही तेथे ठेविलेली आहे. पार्ल्याहून तेथे जाण्यास तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. या सभागृहातील किती मंडळींनी ते पाहिले आहे, हा प्रश्न आम्ही विचारीत नाही.

येथे एक आठवण करून देणे न्याय्य होईल. ज्यांस आपण परक्याचे चाकर म्हणतो, त्यांच्याच व्यवसायबंधूंनी, आरमारातील हिंदी खलाशांनी, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी याच मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावर काम बंद करून ब्रिटिश सत्तेस हादरा दिला. पगार खाणारा माणूस आपले मन विकतोच असे नाही.

राहिला पुतळ्याचा प्रश्न. पुतळ्याचा आग्रह धरणाऱ्या आपल्या उदार देणगीदारांस आमची हात जोडून विनंती आहे की तो त्यांनी सोडावा. माणगावास पुतळा शोभतो, कारण तो एका माणसाचा आहे. त्याचे नाव, त्याचे गाव, त्याचे कृत्य सर्व ठाऊक आहे. आपल्यापाशी नावे आहेत, चेहरे नाहीत. कित्येकांचे छायाचित्रही घरात नाही. अशा वेळी पुतळा घडविला तर तो कोणाचा होईल? शिल्पकाराच्या मनातील एका देखण्या गोऱ्या शिपायाचा! आणि त्याच्या हाती बंदूक दिली तर ज्याने आयुष्यभर बोटीवर भाकऱ्या भाजल्या त्याची आई त्यास ओळखील काय? नावांची शिळा असावी. नावे वर्णानुक्रमाने असावीत, हुद्द्याने नव्हे. वर्षाचा आकडा आणि ठाऊक असेल तेथे बोटीचे अथवा पलटणीचे नाव, याहून अधिक मजकूर नसावा. ‘शूर’, ‘अमर’ इत्यादी विशेषणे तर मुळीच नसावीत. त्यांनी दगड भरतो आणि एखाद्या गरिबाचे नाव बाहेर राहते.

एका गृहस्थांनी विचारले की आपल्या शेजारची जी हिंदू व मुसलमान कुटुंबे, त्यांतीलही माणसे बोटीवर गेली होती, त्यांचे काय? प्रश्न योग्य आहे. आमच्या मते पार्ल्याच्या गावठाणातून जो गेला त्याचे नाव यावे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. शिळा क्रुसाच्या पायथ्याशी असल्यामुळे कोणा कुटुंबास संकोच वाटेल तर ती फाटकाजवळच्या भिंतीत बसवावी. संत बेनेडिक्टांच्या डोंगराखाली घाडगे यांच्या नावास जागा मिळाली; आपल्या भिंतीवर शेजाऱ्याच्या नावास जागा नाही, असे होऊ नये.

काम करावयाचे ते असे. प्रत्येक घरातील वृद्ध स्त्रीपुरुषांस बसवून विचारावे: कोणता आजोबा, कोणता चुलत आजोबा परत आला नाही? घरी बोट कंपनीचे पत्र, तार, पेन्शनचा कागद, खलाशाची जुनी नोंदवही जे काही असेल ते शोधावे. मूळ कागद देऊ नये, नक्कल द्यावी. आपल्या समाजात एकाच माणसाची दोनतीन नावे असतात. बाप्तिस्म्याच्या वहीत एक, बोटीवर दुसरे आणि गावठाणात हाक मारण्याचे तिसरे. तिन्ही लिहून द्यावीत. पाद्रीसाहेबांनी बाप्तिस्म्याच्या व मृतांच्या जुन्या वह्या ताडून पाहण्याची परवानगी दिली आहे, आणि मशीद बंदरच्या यादीशी नावे जुळवून पाहण्यास दोन तरुण पुढे आले आहेत. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर याच सभागृहात टेबल मांडले जाईल. हिज्जे ज्याचे त्याने स्वतः तपासून द्यावेत, कारण दगडावर एकदा अक्षर कोरले की खोडता येत नाही.